क्यूब फिरेना, खिडकी हलेना... म्हणून काय फॉरमॅट?

आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच औषधं चालतात. पोट बिघडलं की दहीभात आणि मशीन बिघडलं की फॉरमॅट! दहीभाताबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या औषधाबद्दल मात्र आहे, म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटवाल्या मुलीचं मराठी आहे, जरा सांभाळून घ्या.)

लिनक्सवर जेलीसारख्या हलणाऱ्या खिडक्या आणि गोल फिरणारा क्यूब लावण्याचं वेड आपल्याकडे अजून आहे. हे वेड काही नवीन नाही. कॉम्पिझ आलं २००६ साली, नोव्हेलमधून. त्यातून बेरिल फुटून निघालं, २००७ मध्ये दोन्ही पुन्हा एकत्र आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उबुंटू ७.१० ने हे इफेक्ट्स आपणहून चालू करून दिले. आपल्या स्टाफपैकी काही सरांनी त्या काळात क्यूब फिरवून मित्रांवर इंप्रेशन मारलं असणार, विचारून बघा!

आता होतं काय, की सिस्टिम अपग्रेड झाली, रीस्टार्ट केलं, आणि सगळं सपाट. खिडकी ओढली तर अडखळत येते, सावल्या गायब, पंखा विमानासारखा ओरडतोय. मग कोणीतरी म्हणतं, "लिनक्स म्हणजे ना...", आणि पाच मिनिटांत एखादा सीनियर दादा पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर.

माझं म्हणणं असं की हलणारी खिडकी कितीही फालतू वाटली तरी ती प्रामाणिक असते. प्रत्येक खिडकी आधी पडद्यामागे मेमरीत रंगवली जाते, आणि मग ग्राफिक्स कार्ड ती चित्रं एकत्र जोडून स्क्रीनवर मांडतं. कार्डाचा ड्रायव्हर चढला नाही तर हे काम बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. सेटिंगमध्ये 'अबाउट'च्या पानावर ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएम-पाइप' असं दिसलं, तर समजा कार्ड झोपलंय. म्हणजे इफेक्ट्स गेले हा रोग नाही, तो ताप आहे.

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या एका मुलीचा असेम्बल्ड डेस्कटॉप असाच झोपला. ड्रायव्हर तिला खिडक्यांसाठी नव्हे, प्रोजेक्टसाठी हवा होता, तिचं सगळं गणित ग्राफिक्स कार्डावर चालायचं. दादांनी फॉरमॅट मारला. तीन आठवड्यांची रीडिंग्ज गेली, बॅकअप अर्थातच नव्हता. नवी सिस्टिम टाकली, ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, आणि पुन्हा जैसे थे! रीडिंग्ज जाऊनही मूळ दुखणं तिथेच. ती रात्रभर रडली, आणि दादा म्हणाले, "कार्डच खराब असेल."

कार्ड ठणठणीत होतं. मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू होतं, आणि ते सही नसलेलं मॉड्यूल कर्नलमध्ये घुसू देत नाही. जुन्या सिस्टिममध्ये ड्रायव्हर वितरकाच्या सहीचा होता. अपग्रेडनंतर तो नव्या कर्नलसाठी मशीनवरच बांधला गेला, आणि त्याला लागली मशीनची स्वतःची सही. ती सही मान्य करायला अपग्रेड चालू असताना एक पासवर्ड मागतात, आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पण वरचा पर्याय असतो 'कंटिन्यू बूट', घड्याळ दहा सेकंदांचं, आणि आपण सगळे एंटर दाबण्यात पटाईत! ती वेळ गेली की स्क्रीन पुन्हा आपणहून येत नाही. फॉरमॅटनंतरही अगदी हेच झालं. शेवटी कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ सापडली, की चावी नाकारली. मग मोकयुटिलने चावी पुन्हा नोंदवली, रीस्टार्टला एंटर न दाबता नीट वाचलं, आणि कार्ड उठलं. एकूण वेळ दहा मिनिटं.

दर वेळी हेच कारण असेल असं नाही. कधी नव्या कर्नलच्या हेडर फाइल्स नसतात म्हणून ड्रायव्हर बांधलाच जात नाही, ते 'डीकेएमएस स्टेटस' एका ओळीत सांगतं. कधी ड्रायव्हर उत्तम असतो, पण एक्स्टेन्शन जुनं. २०२३ साली ग्नोम ४५ ने एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे फाइलमधला आवृत्तीचा आकडा वाढवून भागत नाही (हा जुगाड आपल्याकडे फार चालतो). आणि कॉम्पिझवाल्यांसाठी वाईट बातमी. ते एक्स-इलेव्हनसाठी बनलेलं आहे, वेलँडवर खिडक्या सांभाळणं त्याला जमत नाही. उबुंटूने तर ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स-इलेव्हन सेशनच काढून टाकलं. क्यूबशिवाय जेवण जात नसेल तर केडीईकडे जा, प्लाझ्मा ६ मध्ये तो २०२४ साली परत आलाय.

माझी सगळ्यात आवडती युक्ती तर फुकटची आहे. मशीनवर एक नवीन यूजर बनवा आणि त्यातून लॉगिन करा. तिथे इफेक्ट्स चालले, तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या जुन्या सेटिंग्जचा. नाही चालले, तर खाली उतरा, ड्रायव्हरकडे. एका लॉगिनमध्ये अर्धा प्रश्न कापला!

व्हायवाला आपण ओएसआयचे सात थर झोपेतही म्हणतो. मग स्वतःचं मशीन बंद पडल्यावर एकही थर खाली का उतरत नाही? फॉरमॅटने मशीन चालू होतं कधीकधी, मान्य. सबमिशनच्या आदल्या रात्री कोणाला लॉग वाचायची हौस नसते, तेही मान्य. पण फॉरमॅटबरोबर पुरावाही जातो, आणि पुढच्या अपग्रेडला आपण तितकेच अडाणी.

आपल्या लॅबमध्ये मशीन दुरुस्तीचं एक रजिस्टर आहे. कधीतरी उघडून बघा. 'रिमार्क'च्या कॉलममध्ये पानंच्या पानं एकच शब्द आहे, 'फॉरमॅटेड'. लॅबच्या सरांना माझी विनंती आहे की त्याच्या शेजारी 'कारण' असा एक कॉलम आखून द्यावा, आणि तो भरल्याशिवाय कोणाला पेनड्राइव्ह देऊ नये. फायनल इयरचे प्रोजेक्ट जमा व्हायला अजून थोडे आठवडे आहेत, त्याआधी झालं तर फार बरं होईल. पट्टी आणि पेन मी आणते.