हजला निघताय? आधी लस!

२०१८ पासून पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायकांना मेहरमशिवाय, चौघींच्या गटानं हजला जाता येऊ लागलं. परळीच्या मैत्रिणींनो, मग लसीचं गणितही आपणच समजून घ्यायला हवं ना! मेनिंजायटिसची लस सक्तीची. का? २००० च्या हजमध्ये या आजाराच्या डब्ल्यू-१३५ प्रकाराची साथ आली. परतलेल्या यात्रेकरूंच्या घरच्यांनाही तो आजार झाला. म्हणून चार प्रकारांवरची लस, तीही पोचण्याआधी किमान दहा दिवस. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला वेळ लागतोच. फ्लूची लस मात्र सल्ल्याची. पण वय झालंय, शुगर किंवा दमा आहे, तर डॉक्टरांना विचारून घ्याच. घरच्यांच्या गोळ्या वेळेवर देणाऱ्या आपण स्वतःच्या सुईलाच का मागं सरतो?