मैत्रिणींचा आरसा

शाहूवाडी, भुदरगड, गडहिंग्लजच्या खेड्यांतून कोल्हापूरच्या महाविद्यालयांत येणाऱ्या अनेक मुली आपल्या घराण्यातील पहिल्या पदवीधर ठरणार आहेत. शेतात राबलेल्या या मुलींच्या घरी अंगापिंडाने मजबूत असणे ही प्रशंसा होती. वर्गात मात्र 'जाडी', 'काळी' अशी नावे थट्टेत पडतात, आणि थोड्याच दिवसांत ही नावे ज्यांना पडली त्याच घरून आलेला भाकरीचा डबा न उघडता परत नेऊ लागतात.

याला तारुण्यातील नखरा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. फिजी बेटांवरही धष्टपुष्ट देहाला मान होता. तेथील एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली; १९९८ मध्ये अॅन बेकर या संशोधिकेने पाहणी केलेल्या शाळकरी मुलींपैकी ११.३ टक्के मुली वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी करीत होत्या. १९९५ च्या पाहणीत अशी एकही मुलगी नव्हती. बेकर यांच्याच २०११ च्या अभ्यासात, मुलगी स्वतः काय पाहते यापेक्षा तिच्या मैत्रिणी काय पाहतात याचा संबंध अधिक सातत्याने आढळला. बाजाराचा मापदंड मैत्रिणीच्या तोंडून येतो, तेव्हा तो आपलेपणाचा वाटतो.

भांडवलाला याहून स्वस्त जाहिरात कोठे मिळणार? गोरेपणाचे 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ मध्ये आले. २०२० मध्ये जगभर टीका झाल्यावर त्याच्या नावातील गोरेपणा गेला, मलम राहिले. ज्या समाजात वधूचा रंग व बांधा पाहून हुंड्याचा आकडा ठरतो, तेथे मुलींनी एकमेकींना त्याच तराजूत तोलावे यात नवल नाही. तो तराजू त्यांनी घडविलेला नाही. परंतु त्याची किंमत त्या आपल्या रक्ताने मोजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा देशात मुलीने जेवण टाळणे म्हणजे दारिद्र्याने अर्धवट सोडलेले काम फॅशनने पुरे करणे होय.

यावर पोशाखाचे नियम व आरशावर बंदी हा सनातन्यांचा उपाय आहे. त्यांच्याही दृष्टीने स्त्रीचा देह ही इतरांनी पारखण्याचीच वस्तू असते. खरा उपाय सहवासातच शोधावा लागेल. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची जी परंपरा उभी केली, तिच्यात खेड्यापाड्यांतील मुले एकमेकांच्या आधारानेच शिकली. देहाची दुसरी मोजणीही याच शहराने दाखविली आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये रायफल नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाने सुवर्णपदक मिळविले. तेथे हिशेब हाताच्या स्थैर्याचा होता.

म्हणून युवक व महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांनी हा विषय क्षुल्लक समजू नये. अभ्यासवर्गात हुंड्याबरोबर या तराजूचीही चर्चा व्हावी. वसतिगृहांत पोटभर व सकस जेवणाची आणि रक्ततपासणीची मागणी मुलींनीच पुढे न्यावी. मैदानावर मुलींचा हक्क प्रस्थापित व्हावा. एकीने थट्टेत हसण्याचे नाकारले की दुसरीला डबा उघडण्याचे बळ येते. संघटनेची सुरुवात बहुधा अशाच लहान नकारांतून होत असते.