तीसच्या तीस रोजे

रमजान संपत आला की घराघरांत रोज्यांचा हिशेब निघतो. ‘माझे तीसच्या तीस झाले,’ एखादी मुलगी सांगते आणि खाला, फुफी कौतुकाने तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. कौतुक जरूर करावं. पण अम्मीने निजानीज झाल्यावर हळूच विचारावंही, ‘बेटा, या महिन्यात पाळी नाही आली?’

हिंदू मैत्रिणींसाठी सांगते : पाळीच्या दिवसांत रोजा नसतो. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे, त्यांना कजा म्हणतात. त्यामुळे रमजानात चार-सहा रोजे सुटणं हेच नेहमीचं. एखाद्या वर्षी तारखा अलीकडे-पलीकडे होतात, त्यात काही नाही. मात्र गेल्या रमजानातही तीस, यंदाही तीस आणि मधल्या वर्षात पाळी आठ वेळाही आली नसेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. याचं एक नेहमीचं कारण पीसीओएस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 मधल्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या 8 ते 13 टक्के स्त्रियांना तो असतो आणि त्यांतल्या 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताच नसतो. इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. त्याने बीजकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि बीज बाहेर पडणं अडतं. घरच्यांना दिसतात ते हनुवटीवरचे केस आणि पुरळ, तेही लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरल्यानेही पाळी सुधारू शकते. पण हा त्रास बारीक मुलींनाही होतो, तेव्हा टोमणे आवरा.

रोजा हा यावरचा उपचार नव्हे. दिवसभर उपास आणि मगरिबला समोसे, भजी, गुलाबी सरबताचे तीन ग्लास, हे नवरात्रातल्या साबुदाणा वड्यांसारखंच. एखादा खजूर, पाणी, मग चणे, डाळ, अंडी. तळण शेवटी आणि थोडं. अमुकच आहार सरस, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही म्हणत नाहीत. आठवड्याला निदान 150 मिनिटं व्यायाम मात्र सांगतात. निगडीच्या मुलीने इफ्तारनंतर अर्धा तास चालावं.

चाकणला सेकंड शिफ्ट करणारीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ती लाइनवरच्या सुट्टीत वडापाववर रोजा सोडते, मध्यरात्री घरी येते आणि चार वाजता सहरीला उठते. तिच्यासाठी कॅन्टीनने मगरिबच्या वेळी उकडलेली अंडी आणि चणे ठेवले, तर रोजा नसलेल्या मुलीही ते खातील.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, रमजानासाठी नाही आणि गौरी-गणपतीसाठीही नाही. तीन महिने पाळी आली नाही तर वाट पाहू नका. पाळीविना गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. मेटफॉर्मिन चालू असेल तर रोज्यात ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारा.

पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात जाल, किंवा आपल्या डॉक्टरांकडे, तेव्हा कजा रोज्यांची वही सोबत न्या. कोणत्या रमजानात किती सुटले, ते तिथे लिहिलेलंच असतं.