भरल्या पिंजऱ्यात न दिसलेलं जनुक

प्रयोगशाळेतल्या उंदराला खाण्यापिण्याची ददात नसते. पिंजरा उबदार, पाणी तोंडाशी, खाद्यात सगळी पोषक द्रव्यं मोजूनमापून घातलेली. अशा उंदरांमधलं जीसीएन-२ हे जनुक अमेरिकी संशोधकांनी निकामी केलं आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या खाद्यावर हे उंदीर धडधाकट राहिले, त्यांना पिल्लंही झाली. तेवढंच पाहून काम आटोपलं असतं, तर हे जनुक असलं काय नि नसलं काय, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण मग गाभण माद्यांच्या खाद्यातून ल्युसीन हे एकच अमिनो आम्ल वगळण्यात आलं. जनुक नसलेली पिल्लं पोटातच किंवा जन्मल्यावर लगेच दगावण्याचं प्रमाण वाढलं.

एका आम्लाच्या अभावानं एवढं का व्हावं? प्रथिनं २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात आणि ती आम्लं कामाच्या जागी वाहून नेणारे रेणू म्हणजे टीआरएनए, पेशीतले हमालच. एखादं आम्ल संपलं की त्याचे हमाल रिकाम्या हातानं हिंडू लागतात. जीसीएन-२चं प्रथिन कोठारातला माल मोजत नाही, ते या रिकाम्या हमालांना पकडतं. मग ते ईआयएफ-२ अल्फा नावाच्या प्रथिनावर, ५१व्या जागी, फॉस्फेटची खूण करतं. तेवढ्यानं प्रथिनं घडवण्याचा बहुतेक कारभार मंदावतो. एटीएफ-४ सारखी मोजकी प्रथिनं मात्र याच वेळी जास्त बनतात, आणि अमिनो आम्लं तयार करणारी, बाहेरून आत ओढून आणणारी जनुकं कामाला लागतात.

ही यंत्रणा आधी यीस्टमध्ये सापडली. ॲलन हिनेबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की या प्रथिनाचा एक भाग टीआरएनएवर हिस्टिडीन चढवणाऱ्या एन्झाइमशी मिळताजुळता आहे. माल चढवणाऱ्या जुन्या मुकादमालाच उत्क्रांतीनं पहारेकरी नेमलं! यीस्टमधला हा पहारेकरी उंदरातही टिकला आणि माणसातही.

२००४ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. ल्युसीन नसलेलं खाद्य मिळालं, की जनुक नसलेल्या उंदरांचं यकृत हात आखडता घेत नाही. ते प्रथिनं बनवतच राहतं आणि त्याची किंमत स्नायू झिजून मोजतात. २००७ च्या प्रयोगात तर अशाच खाद्यावर त्यांच्या यकृतात चरबी साठली.

मेंदूबाबत मात्र वाद आहे. एखादं आवश्यक अमिनो आम्ल नसलेलं खाद्य उंदीर टाळतो तो जीसीएन-२ मुळेच, असं २००५ मध्ये दोन गटांनी मांडलं. २०१५ मध्ये तोच प्रयोग पुन्हा तपासणाऱ्यांना तसं आढळलं नाही. अशी फेरतपासणी विज्ञानाच्या तब्येतीला चांगलीच असते.

हार्वर्डमधल्या गटानं २०१२ मध्ये उंदरांना काही दिवस ट्रिप्टोफॅन नसलेलं खाद्य दिलं. त्यानंतर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थांबवून पुन्हा सुरू केला, तेव्हा होणारी इजा कमी झाली. या संरक्षणासाठी जीसीएन-२ लागत होतं. असं काही वाचून आहारातून प्रथिनं गाळण्याचे सल्ले देणं मात्र चूक आहे. एखादं आम्ल पूर्ण गायब असलेलं खाद्य शुद्ध रसायनांपासून मुद्दाम बनवावं लागतं. रोजच्या ताटात तसं घडत नाही: तांदळात लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते.

माणसातला पुरावा तर अनपेक्षित ठिकाणी मिळाला. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी फुप्फुसांतल्या बारीक शिरा अरुंद होत जाणाऱ्या एका दुर्मीळ, जीवघेण्या आनुवंशिक आजाराचं मूळ शोधलं. रुग्णांमध्ये याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. भुकेचा पहारेकरी म्हणून ओळखलं जाणारं जनुक फुप्फुसाच्या शिराही सांभाळतं, हे पिंजऱ्यातल्या धडधाकट उंदरांकडे पाहून कुणाला सुचलं असतं?

म्हणून जनुक काढूनही ‘काही फरक दिसला नाही’ असं लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. त्या उंदरानं काय खाल्लं होतं आणि त्याच्यावर कोणता ताण होता, हेही त्याच ओळीत लिहा.