बर्फाची वखार

दिवाळीच्या आधी घरोघरी माळे साफ होतात. जुने पितळी पातेले हाती लागले, तर घरची गृहिणी ते मोडीत घालीत नाही; कल्हई लावून पुन्हा चुलीवर चढवते. एवढे साधे शहाणपण आमच्या शहरे सुधारणाऱ्या मंडळींना केव्हा येणार?

मुंबईचेच पाहा. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात झाकून जहाजांनी हिंदुस्थानात धाडीत असे. १८३३ साली ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. पोहोचला त्यातला १०० टन! हा बर्फ साठवायला कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जाड भिंतींच्या वखारी उभ्या राहिल्या. पुढे यंत्राने इथेच बर्फ होऊ लागला आणि वखारी ओस पडल्या. कलकत्त्याने आपली वखार पाडली, मुंबईनेही पाडली. आता तिची आठवण पुस्तकांत शोधायची!

मद्रासची १८४२ सालची वखार मात्र वाचली. बिळीगिरी अय्यंगार नावाच्या वकिलांनी ती घेऊन राहण्याजोगी केली. १८९७ च्या फेब्रुवारीत, पश्चिमेकडून परतलेले स्वामी विवेकानंद तिथेच उतरले. नंतर काही वर्षे रामकृष्ण मठाचे काम तिथून चालले. १९१७ साली सरकारने ती इमारत घेतली आणि सिस्टर सुब्बलक्ष्मींच्या बालविधवा तिथे राहून शिकू लागल्या. सुब्बलक्ष्मी स्वतः बालविधवा. आपल्याला कर्व्यांचे हिंगणे आठवावे, असेच ते काम. आज तिथे विवेकानंदांचे स्मारक-प्रदर्शन आहे; तरी लोक त्या भागाला अजून ‘आइस हाउस’च म्हणतात.

यावर कोणी म्हणतील, “अहो, परक्या व्यापाऱ्याची ती वखार! तिच्यासाठी कसले अश्रू गाळता?” अश्रू गाळा असे कोण म्हणतो? भिंतींना मालकाची जात चिकटत नाही. साहेबांच्या पेल्यातला बर्फ राखण्यासाठी बांधलेल्या भिंतींनी, समाजाने घराबाहेर काढलेल्या मुलींना छप्पर दिले. ती वखार वेळेवर पाडली असती, तर त्या मुलींसाठी नवी इमारत कोणी बांधून दिली असती?

दुसरे म्हणतील, “शहरात जागा महाग आहे.” महाग आहे, म्हणूनच तर उभी भिंत मोलाची! गिरणगावातल्या कितीतरी गिरण्या गेल्या आणि तिथे मनोरे चढले. ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या, त्यांच्या नातवंडांना त्या मनोऱ्यांत पाऊल तरी टाकता येते का? उरल्या आहेत त्या चार भिंतींत वाचनालय काढा, वसतिगृह काढा, पाळणाघर काढा. बाहेर पाटी ठोकून आत कुलूप घालणे, याला मात्र जतन म्हणू नका.

पातेले जुने झाले म्हणून टाकायचे नसते. त्यात पुन्हा काही शिजले पाहिजे, आणि ते भुकेल्याच्या पानात पडले पाहिजे.