ओलीचा पत्ता
राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) देशाचे पाच हवामान-विभाग पाडते आणि मुंबई व कुंभकोणमला ‘उष्ण-दमट’ या एकाच खान्यात बसवते. भिंतीला हे मान्य नसावे. मुंबईला जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येची झड लागते. कावेरीकाठच्या कुंभकोणममध्ये मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्येच्या वाऱ्यावर येतो. म्हणजे ओल धरणारी भिंतही वेगळी आणि महिनाही. वार्षिक सरासरी इथे निरुपयोगी. तासातासाचा पाऊस, वाऱ्याची दिशा आणि आर्द्रता एकत्र मांडली, तरच कोणता कोपरा भिजेल अन् त्याला सुकायला किती सवड मिळेल, ते कळते. उघडीप असतानाही सुटका नाही. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश. एसीने २२ अंशांवर आणलेल्या खोलीत ती हवा शिरली, की गार भिंतीला पाणी सुटते. वर प्लास्टिकचा वॉलपेपर असला, तर बुरशीची चंगळच! थंड देशांत बाष्परोधक थर भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात. तोच तपशील इथे उचलणे म्हणजे ओल कोंडून ठेवणे. चुन्याचा जुना गिलावा निदान सुकतो तरी. आणि वॉटरप्रूफिंगची आपली मे महिन्यातली धांदल कुंभकोणमकरांनी सप्टेंबर संपायच्या आत केली तरी चालते.