कोयत्याची नोंद आणि क्लाउडचे राज्य

ऊसतोडीच्या व्यवहारात माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. एक कोयता म्हणजे एक जोडपे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणाऱ्या टोळ्यांची उचल मुकादमाच्या वहीत कोयत्यागणिक लिहिली जाते, आणि तीही बहुधा पुरुषाच्या नावावर. बाई पहाटेपासून फडात राबते, मोळ्या डोक्यावरून वाहते; वहीत मात्र तिची स्वतंत्र ओळ नसते.

हीच वही आज अधिक विराट स्वरूपात बांधली जात आहे. प्रत्येक कचेरीने आपापले तक्ते करू नयेत; सारी माहिती क्लाउडवर एकाच ठिकाणी गोळा करावी, तेथेच ती शुद्ध करून एका साच्यात बसवावी आणि सर्वांनी त्यातूनच अहवाल काढावेत, असा उपदेश कंपन्या आणि मंत्रालये एकमुखाने करीत आहेत. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. एकाच गावच्या सोयाबीनचे क्षेत्र महसूल खात्याने एक, कृषी खात्याने दुसरे आणि विमा कंपनीने तिसरे सांगितले, तर नाडला जातो तो शेतकरीच. महालनोबिसांनी १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी उभी केली नसती, तर देशाचे नियोजन आंधळेच राहिले असते. केंद्रीय आकडेवारीला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळाच आहे. साचा कोण ठरवणार? तक्त्याची एक ओळ म्हणजे शेत, कुटुंब की माणूस. कोणती नोंद दुबार समजायची आणि कोणती अपुरी म्हणून गाळायची, हे निर्णय तांत्रिक नसून राजकीय आहेत. पूर्वी तलाठ्याची चूक एका सज्जापुरती राही आणि त्याच्यापुढे उभे राहून भांडता येई. आता एक चुकीची व्याख्या एकाच वेळी प्रत्येक अहवालात उतरते, आणि भांडायचे कोणाशी हेच कळत नाही.

याचा पडताळा दूर शोधायला नको. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याचा आधार सातबारा. मग बटईने कसणारा आणि नवऱ्याच्या नावच्या रानात आयुष्य घालवणारी बाई या साच्यात कोठे बसतात? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला तो २०२३ साली. कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी शंभर गावांच्या माहितीचा करार मात्र एप्रिल २०२१ मध्येच करून टाकला होता. आधी माहिती, मग कायदा, आणि लोकांची संमती सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे.

बीडनेच याचे उत्तरही दिले आहे. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला, आणि सरकारला पाहणी करावी लागली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांपैकी सुमारे एकीचे. ही संख्या कोणत्याही तयार साच्यातून बाहेर पडली नाही. ती बाहेर आली, कारण बाईला कोयत्याचा अर्धा भाग न मानता तिला स्वतंत्रपणे प्रश्न विचारला गेला. जो रकानाच नाही, त्याचा अहवाल जगातले कोणतेही यंत्र काढू शकत नाही.

लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंभा राज्याची कल्पना मांडली. सत्ता चार खांबांवर आणि माहिती एकाच खांबावर, असे राज्य लोकशाही म्हणवून घेऊ शकत नाही. म्हणून मागणी स्पष्ट हवी. साच्यातील प्रत्येक व्याख्या मराठीत प्रसिद्ध व्हावी आणि ग्रामसभेपुढे वाचली जावी. चुकीची नोंद तालुक्यातच दुरुस्त करण्याचा अधिकार असावा आणि कोणती नोंद का गाळली, याचा जाब देणे बंधनकारक असावे. जिल्ह्याची मूळ माहिती जिल्हा परिषदेच्याही हाती राहावी. आणि ऊसतोड कामगारांच्या प्रत्येक नोंदीत बाईची स्वतंत्र ओळ असावी.

कार्यकर्त्यांनी यासाठी आदेशाची वाट पाहू नये. पुढच्या हंगामात टोळ्या निघतील तेव्हा गाडीपाशी उभे राहून कोयते मोजू नयेत. माणसांची नावे लिहावीत, आणि बाईचे नाव आधी.